चिमटी मुंगीचा घास

स्वयंपाकघरात, फरशीच्या फटीत, एक लाल मुंगी राहायची. एवढीशी. नाव तिचं चिमटी.

त्या घरात एक रीत होती. सगळे गोल करून जेवायला बसायचे. आधी आजी ताटाबाहेर भाकरीचा एक घास ठेवायची. म्हणायची, "हा मुंगीचा. मग आपला."

आता आजी नाही. गोल नाही. घासही नाही.

जो तो आपल्या कोपऱ्यात. जो तो आपलं पाकीट फोडतो. खर्र! आणि खातो कुरुम कुरुम.

चिमटी फटीतून बाहेर आली. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. नुसता वेफरचा चुरा! तिनं चाटून बघितला.

"थू थू! मीठच मीठ! हे काय चाललंय या घरात? माझा घास कुणी बुडवला?"

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली ताटाकडे.

"ताटा, ताटा,
माझा घास मला मिळेना!
तू भर ना!"

ताट म्हणालं, "मी नाही भरत. तवा तापेल, तर मी भरेन."

"वा रे वा!" चिमटीच्या मिशा थरथरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली तव्याकडे.

"तव्या, तव्या,
ताट भरेना,
माझा घास मला मिळेना!
तू ताप ना!"

तवा म्हणाला, "मी नाही तापत. खिळ्याला लटकून पाठ अवघडली माझी. आई भाकरी थापेल, तर मी तापेन."

"वा रे वा!" चिमटीच्या मिशा थरथरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली आईकडे. आई मोबाइल बघत होती.

"आई, आई,
तवा तापेना,
ताट भरेना,
माझा घास मला मिळेना!
तू थाप ना!"

आई म्हणाली, "मी नाही थापत. घरात भाजीची काडी नाही. नुसती भाकरी कोण खाणार? बाबा चालत जाईल, भाजी आणेल, तर मी थापेन."

"वा रे वा!" चिमटीच्या मिशा थरथरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली बाबाकडे. बाबा सोफ्यावर आडवा.

"बाबा, बाबा,
आई थापेना,
तवा तापेना,
ताट भरेना,
माझा घास मला मिळेना!
तू चाल ना!"

बाबा म्हणाला, "चालू? मी? कोपऱ्यावर जायचं तरी मला स्कूटर लागते! आपली छोटी निमू पुढे खेळत निघाली, तर मी मागून चालेन."

"वा रे वा!" चिमटीच्या मिशा थरथरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली निमूकडे. निमू टीव्हीसमोर पालथी.

"निमू, निमू,
बाबा चालेना,
आई थापेना,
तवा तापेना,
ताट भरेना,
माझा घास मला मिळेना!
तू खेळ ना!"

निमू म्हणाली, "मी नाही खेळत. एकटीनं कसं खेळायचं? आजोबा उठतील, तर मी खेळेन."

"वा रे वा!" चिमटीच्या मिशा थरथरल्या.

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली आजोबांकडे. आजोबा खुर्चीत. खिडकीकडे तोंड करून.

"आजोबा, आजोबा,
निमू खेळेना,
बाबा चालेना,
आई थापेना,
तवा तापेना,
ताट भरेना,
माझा घास मला मिळेना!
तुम्ही उठा ना!"

आजोबा हळूच म्हणाले, "आजी गेली, तसे पायही बसले गं. पोटात भाकरी गेली, तर बळ येईल. ताट भरेल, तर मी उठेन."

"काय? ताट?"

चिमटी लालीलाल झाली. आधीच लाल, त्यात आणखी लाल!

"ताट म्हणतं, आधी तवा. तवा म्हणतो, आधी आई. आई म्हणते, आधी बाबा. बाबा म्हणतो, आधी निमू. निमू म्हणते, आधी आजोबा. आणि आजोबा म्हणतात, आधी ताट! मग आधी कोण?"

चिमटीनं कंबर कसली.

"बरं! मग आधी मी!"

चिमटी चढली आजोबांच्या पायावर. गेली अंगठ्यावर. आणि...

कच्च!

"आई आई गं!" आजोबा ताडकन उठले. अंगठा धरला. एका पायावर नाचले. टुणुक टुणुक! टुणुक टुणुक!

"अय्या, आजोबा लंगडी घालतात!" निमू उठली. तीही लंगडी घालू लागली. टुणुक टुणुक, दाराबाहेर!

"अरे, पडाल दोघं!" बाबा मागे धावला. हाश हुश, हाश हुश! धावता धावता बाजार आला.

परत आले तिघं. बाबाच्या हातात मेथीची जुडी. हिरवीगार.

"चालत आणलीस?" आईनं मोबाइल ठेवला. "मग निवड आता!"

बाबा आणि आजोबांनी मेथी निवडली. निमूनं पिठात हात घातले. आईनं भाकरी थापली. थाप थाप थाप!

आजोबा उठले,
निमू खेळली,
बाबा चालला,
आईनं थापली,
तवा तापला,
भाकरी फुगली टम्म,
ताट भरलं!

सगळे गोल करून बसले. बाबानं घास मोडला. तोंडाजवळ नेला.

"आणि माझा?" चिमटी ओरडली.

"थांब रे!" आजोबांनी बाबाचा हात धरला. "आधी मुंगीचा. मग आपला."

निमूनं ताटाबाहेर घास ठेवला. गरम गरम. चिमटीहून मोठा.

चिमटीनं घास उचलला. पण मिशा अजून थरथरतच होत्या.

"एवढा उशीर? उद्यापण पाहिजे. परवापण पाहिजे. रोज पाहिजे! नाहीतर अंगठा कुठे आहे, मला ठाऊक आहे!"

आणि चिमटी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

आजोबांनी हळूच अंगठा मांडीखाली लपवला.