चांदव्याचे टोक

एका राज्यात आकाश दिसत नसे.

राजवाड्यावर आणि त्याच्या भोवतीच्या निम्म्या नगरावर एक प्रचंड चांदवा ताणलेला होता. त्याच्याखाली भर दुपारीही तिन्हीसांजेसारखा उजेड असे. राजा अर्कसेनाला एका जोशाने सांगितले होते, "महाराज, आपला मृत्यू आकाशातून येईल." त्या दिवसापासून राजाने मान वर केली नाही. पूर्वजांच्या तळघरातून त्याने एक सोन्याची सुई काढवली आणि कुहक नावाच्या मांत्रिकाच्या हाती दिली. ती सुई दोऱ्यावाचून शिवत असे. तिचा टाका उन्हाने विरत नसे, विजेने जळत नसे. दर आठवड्याला कुहक चांदव्याला हातभर लांबीचा एक टाका घाली, आणि दर टाक्याला नगरातले एक माणूस नाहीसे होई.

त्याचे कपडे तेवढे मागे राहत. रिकामे, पण उभे.

बारा वर्षे हे चालले होते. रस्त्यातून लुगडी चालत, अंगरखे चालत, त्यांच्यावर अधांतरी पागोटी डुलत. लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत आणि मागे वळून बघत नसत.

याच नगरात सारजा नावाची बाई राहत होती. तिचा नवरा केरबा पानमळा राखी. एके सकाळी तो वेलींना पाणी द्यायला गेला, आणि दुपारी त्याचा सदरा तेवढा परत आला. सदऱ्याने बाहीने कुदळ भिंतीला टेकवली, पाय धुण्याच्या दगडापाशी क्षणभर तो थांबला आणि आत येऊन पाटावर बसला. सारजाने ताट वाढले. बाही हळूच पुढे झाली, भाकरीपाशी थांबली आणि मागे गेली. सारजा समोर बसून राहिली.

ती रोज त्या सदऱ्याला नाक लावून बघी. माणसाचा वास थोडा थोडा जात होता. उरत होते ते नुसते कापड.

चौथ्या दिवशी ती आपले शिवण घेऊन बकुळीच्या पारावर गेली. तिथे दुपारच्या वेळी चौघीजणी जमत. शिवणे हा कुणाचाच धंदा नव्हता. घरातल्या लेकराला कुंची, लेकीला परकर, थंडीसाठी गोधडी, एवढेच. पण आवड मोठी. गोजरा चोळ्या शिवण्यात वाकबगार होती. कोंडाबाईला कापडाची पारख होती. ठकूआत्या सगळ्यांत वडील. तिची दृष्टी गेली होती, तरी गोधडीचे टाके एकसारखे पडत. एकीचे अडले की दुसरी सांगे. कुणी काही राखून ठेवत नसे.

त्या दिवशी कुणीच सुई उचलली नाही. बकुळीवर एक शिंपी पक्षी पान शिवून घरटे करत होता. तो खाली उतरला आणि माणसासारखा बोलला.

"सारजाबाई, मी काल घरट्यासाठी चांदव्याचा एक तंतू ओढला. तो ओरडला. तुमच्या धन्याच्या आवाजात ओरडला."

सारजाच्या हातातली कुंची गळून पडली.

"जिवंत आहेत?"

"टाक्यात आहेत. सगळेच आहेत. त्या सुईचा एक नियम आहे. कुणी आपले माणूस परत मागितले, तर मांत्रिकाला त्याला तीन कामे द्यावी लागतात. तिन्ही केली तर चांदव्याला हात लावता येतो. एक जरी चुकले, तर पुढचा टाका मागणाऱ्याचा."

"आजवर कुणी मागितलं?"

"अकरा जणांनी," पक्षी म्हणाला. "ते वरच आहेत."

सारजा उठली आणि राजवाड्यात गेली.

कुहक उंच, पांढराफटक माणूस होता. त्याच्या अंगरख्याला कुठेच शिवण नव्हती.

"माझं माणूस मला परत द्या," सारजा म्हणाली.

"कामे करशील?"

"करीन. पण अडलं तर मी कुणाला विचारलं, तर चालेल ना?"

कुहक हसला. "वाटेल त्याला विचार. आपली कला दुसऱ्याला सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

त्याने तिला पहिले काम दिले. एका दालनात पाषाणाची एक स्त्री उजवा हात वर करून उभी होती. तिला चोळी शिवायची होती. सारजाने माप घेतले, शिवली, घातली. ती बाहेर वळली तोच मागे टर्र आवाज झाला. पाषाणाच्या स्त्रीने हात खाली घेऊन पुन्हा वर केला होता, आणि चोळी काखेत फाटली होती. दुसऱ्यांदाही तेच झाले. त्या स्त्रीच्या पायाशी फाटक्या चोळ्यांचा ढीग होता, अकरा जणांच्या वेळचा.

सारजा पारावर आली. गोजराने सगळे ऐकले आणि म्हणाली, "अगं, तू बाही नुसती जोडलीस. काखेत चौबगला घाल. बोटभर चौकोनी तुकडा, कोनावर फिरवून. हात वर गेला की तो उघडतो, खाली आला की मिटतो. हे घे, माझ्या चोळीचा बघ." आणि तिने हात उंचावून दाखवला.

सारजाने चौबगला घातला. पाषाणाच्या स्त्रीने हात खाली घेतला, वर केला. चोळी फाटली नाही. त्या स्त्रीने एक लांब श्वास सोडला, हात दोन्ही बाजूंना सैल सोडले आणि पुन्हा पाषाण झाली. पहिले काम झाले.

दुसऱ्या दिवशी कुहकाने तिच्यापुढे एक शुभ्र ठाण टाकले. "हे फेसाचे कापड. याची सिंहासनाच्या लोडाला खोळ शिव. सैल नको, घट्ट नको."

सारजाने कापड मोजले तर नऊ हात भरले. कापल्यावर आठ झाले. शिवेपर्यंत सहा. कापड तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू आखडत होते आणि आखडताना बारीक आवाजात हसत होते.

"कोरं आहे ना ते?" पारावर कोंडाबाईने विचारले. "कोऱ्या कापडाला आधी पाणी पाजावं. जेवढं आटायचं तेवढं आटू दे. भिजलं, वाळलं, की मग खोटं बोलत नाही. तोवर कात्री लावायची नाही."

सारजाने उरलेले ठाण घंगाळात बुडवले. कापडाने पाणी पिऊन टाकले. तिने दुसरे घंगाळ भरले, तेही पिऊन टाकले. तिसऱ्याला ते रडू लागले. रडणे ऐकून दासी पळाल्या. सारजा कानांवर पदर घेऊन बसून राहिली, आणि रडे थांबल्यावर तिने ते चांदव्यापलीकडच्या उन्हात वाळत घातले. मग मोजले. पाच हात. पुन्हा मोजले. पाचच. खोळ लोडाला सालीसारखी बसली. दुसरे काम झाले.

कुहकाच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "हे तुला कोणी सांगितले?"

"माझ्या मैत्रिणींनी."

"का सांगितले?"

"मी विचारलं म्हणून," ती म्हणाली.

तिसरे काम त्याने दारातच उभे राहून सांगितले. "चांदव्याच्या शिवणीचे टोक मला दाखव. उद्या मध्यान्हीपर्यंत. मध्यान्हीला पुढचा टाका पडायचा आहे."

चांदव्याला गाठ नव्हती, टोक कुठे दिसत नव्हते. टाके एकात एक अडकत साऱ्या चांदव्यावर फिरत गेले होते.

पारावर ठकूआत्याने सारजाचा हात आपल्या हातात घेतला. "टाक्यात टाका अडकलाय म्हणतेस? मग तो साखळीचा टाका. त्याला सुरुवातीकडून ओढशील तर आवळेल. शेवटच्या टाक्याकडून ओढलास तर सरसर उसवेल. पण खालून बघू नकोस. शिवण नेहमी उलट्या बाजूने तपासावी. आणि डोळ्यांवर जाऊ नकोस, पोरी. गाल लाव. गालाला कळतं ते बोटाला कळत नाही."

"आणि अर्ध्यावर थांबावं लागलं तर?"

"थांबू नकोस. उसवायला घेतलं की पुरतं उसवावं. मधेच तोडलं तर दोन्हीकडची वीण जाते."

केरबा गेल्यापासून सातव्या दिवशी सारजा शिडीवरून चांदव्यावर चढली. गोजरा आणि कोंडाबाई खाली शिडी धरून उभ्या राहिल्या. वर लखलखीत ऊन होते. ती चांदव्याच्या उलट्या बाजूवर गुडघ्यांवर रांगू लागली आणि तिने शिवणीला गाल लावला.

टाके कोमट होते. प्रत्येकाला नाडी होती. कुठे भरभर, कुठे संथ. गाल सरकत होता तसतसे कानाशी कुणीतरी कुजबुजत होते, कुणी कुणाला हाक मारत होते, एक बाई अंगाईच्या एकाच ओळीवर अडकली होती. तरी तिने गाल उचलला नाही.

कडेच्या दुमडीखाली एक टाका थरथरत होता. त्याला एकाच बाजूला शेजारी होता. त्याला पानमळ्यातल्या ओल्या मातीचा वास येत होता.

"हे टोक," ती मोठ्याने म्हणाली.

कुहक तिच्यामागे उभा होता. तो वर कसा आला ते तिने पाहिले नाही. त्याच्या हातात कात्री होती.

"बरोबर," तो म्हणाला. "हा तुझा नवरा. मी इथे कापतो, त्याला घेऊन घरी जा. तुझे काम संपले."

होय म्हटले तर केरबा संध्याकाळच्या आत घरी होता. तिने त्याच्या लगतच्या टाक्यावर तळहात ठेवला. तो कुणाचा होता ते तिला ठाऊक नव्हते. त्याची नाडी चिमणीसारखी उडत होती, आणि तो केरबाच्या टाक्यात घट्ट अडकून बसला होता.

"कापू नका," ती म्हणाली, आणि तिने टोक धरून ओढले.

चांदवाभर शीळ घुमावी तसा आवाज झाला. केरबाचा टाका निघाला, शेजारचा निघाला, त्यापुढचा निघाला. कुहक कात्री घेऊन धावला, पण उसवणारी शिवण त्याच्यापेक्षा वेगाने पळत होती. धाग्याचे वेटोळे सारजाच्या अंगावर चढू लागले. हात सोलवटले. एकटीच्या ओढीने तो धागा आवरेना. तिने खाली हाक मारली. गोजराने धागा धरला, कोंडाबाईने धरला, तरी तो हाती राहीना. तेव्हा नगरातल्या गल्ल्यागल्ल्यांतून रिकामे कपडे चालत आले. सहाशेच्या वर सदरे, लुगडी, अंगरखे, परकर. त्यांनी रिकाम्या बाह्यांत आणि पदरांत धागा धरला, आणि सगळे मिळून मागे मागे चालू लागले.

मध्यान्हीला पहिला टाका निघाला. बारा वर्षांपूर्वी घातलेला.

सोन्याची सुई कुहकाच्या मुठीत वळवळली. ती कधी उपाशी राहिली नव्हती. जवळचा जो जीव होता तो तिने ओढून घेतला. कुहक बोटांपासून उसवू लागला, पांढरा, बारीक, न संपणारा, आणि सुईच्या नेढ्यातून आत जाऊ लागला. पण एकट्या टाक्याला पुढे अडकायला कुणी नव्हते. तो एका बाजूने आत गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडला आणि वाऱ्यावर विरून गेला. सुईचे दोन तुकडे झाले.

चांदवा कोसळला. नगरावर आकाश उघडे पडले.

पटांगणात कपडे भरले. बाह्यांतून हात आले, पागोट्यांखाली चेहरे आले. राजा अर्कसेन डोळे झाकून जमिनीवर पडला होता. त्याच्याजवळ एक वृद्ध स्त्री येऊन उभी राहिली. लोकांना वाटत होते, राजमाता काशीला गेली. पहिला टाका तिचा होता. राजाने स्वतःच्या हाताने तिला मांत्रिकापुढे नेले होते.

"ऊठ," ती म्हणाली. "वर बघ."

"आईसाहेब, मरण येईल."

"येऊ दे. तू बघ."

राजाने मान वर केली. मरण आले नाही. पुढे सतरा वर्षे आले नाही; पण त्या सतरा वर्षांत राजमुद्रा राजमातेच्या हाती होती, आणि दरबार उघड्या अंगणात भरत होता. सुईचे तुकडे दोन वेगळ्या विहिरींत टाकून त्या बुजवण्यात आल्या.

केरबा सारजाबरोबर घरी आला. चौथ्या दिवशी तो आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "तिथं काही दिसत नव्हतं. पण इकडच्या बाजूला कुणीतरी होतं. माझं बोट धरून होतं. सात दिवस सोडलं नाही. हात लहान होता गं."

"कुणाचा?"

"कळलं नाही. बाहेर पडलो तेव्हा गर्दीत सुटला."

त्या दिवसांत नगरात अशी पुष्कळ माणसे फिरत होती. दारोदार जात, अनोळखी माणसाचा हात मागून घेत, डोळे मिटून चाचपत आणि मान हलवून पुढे जात. केरबाही पानमळा सोडून निघाला. सारजा त्याच्याबरोबर गेली. कुंभारवाडा झाला, कोष्टीवाडा झाला. नवव्या दिवशी ते बुरुडांच्या वस्तीत पोचले. तिथे एका दारात सहा-सात वर्षांची मुलगी कामट्या सोलत बसली होती. केरबाने हात पुढे केला.

मुलीने कामटी खाली ठेवली. त्याचे एक बोट मुठीत धरले. डोळे मिटले.

"आई," तिने घरात हाक दिली, "ते काका आले."