कंठ फुटायच्या आत

त्या राज्यात राघू राहत, आणि त्यांना कायदा पाठ असे. समजत असेच असं नाही. रोज सकाळी सगळा थवा एका सुरात म्हणे, ‘ज्याची तक्रार असेल त्याने ती कंठ फुटायच्या आत सांगावी.’ गळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं की राघूला कंठ फुटला असं म्हणत. त्यानंतरची तक्रार शिळी. शिळ्या तक्रारींनी थव्याची झोप मोडू नये म्हणून वाडवडिलांनी हे ठरवलं होतं. आता, कंठ फुटेपर्यंत राघूला बोलताच येत नाही ही गोष्ट वाडवडिलांच्या लक्षातच आली नसेल, असं काही म्हणवत नाही.

थव्याचा गुरू धनेश होता. भली मोठी चोच, तिच्यावर मुकुटासारखं शिंग आणि धीरगंभीर आवाज. दर वर्षी तो एकेका पिल्लाला दीक्षेसाठी ढोलीत घेई आणि ढोलीचं तोंड आतून चिखलाने लिंपून टाकी. पिल्लू बाहेर येई तेव्हा त्याच्या डाव्या पंखाखालची पिसं उपटलेली असत, आणि त्यानंतर ते कुणाला खेटून बसत नसे. पंखाखालचं आयांना दिसत नसे. पोर शहाणं झालं म्हणून त्या धनेशाला पिकली उंबरं नेऊन देत.

पांगाऱ्याच्या झाडावर जन्मला म्हणून पांगारा असंच नाव पडलेला एक राघू होता. त्यालाही लहानपणी ढोलीत नेलं होतं. कंठ फुटल्यावर तो सगळं बोलायला शिकला, तेवढं सोडून. उन्हाळ्यात सगळे पंख पसरून वारा घेत, तेव्हा हा अंग चोरून बसे. असा तो म्हातारपणाकडे झुकला. मग त्याच्या धाकट्या बहिणीने, शेवरीने, एक दिवस कौतुकाने सांगितलं, “दादा, गुरूंनी उद्या आपल्या पिल्लाला बोलावलंय.”

“शेवरे, त्याला पाठवू नकोस,” पांगारा म्हणाला. आणि मग थांबत थांबत त्याने तिला सगळं सांगितलं.

“खरं असतं तर इतकी वर्षं मूग गिळून बसला असतास का?” शेवरी म्हणाली. पांगाऱ्याला ते फार लागलं. तरी तो दुसऱ्या दिवशी सभेत गेला, कारण पिल्लू त्याच दिवशी ढोलीत जायचं होतं.

न्यायाला हिवर नावाचा वृद्ध राघू बसे. भर उन्हातसुद्धा त्याने कधी पंख उघडले नव्हते. मर्यादा पाळणारा न्यायाधीश, असं त्याचं नाव होतं. त्याने पांगाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुझ्या गळ्याभोवती काय आहे?”

“कंठ.”

“मग मुदत गेली.”

“पण महाराज, कंठ नव्हता तेव्हा सांगायचं कशाने?”

“ते पाठात नाही,” हिवर म्हणाला.

थव्याने माना डोलावल्या. धनेश पुढे झाला. त्याच्या चोचीला ओला चिखल लागलेला होता. “लेकरू भरकटलंय, मी त्याला क्षमा केली,” तो म्हणाला, आणि शेवरीच्या पिल्लाकडे वळला. “चल बाळ.”

पांगाऱ्याला राग आला होता आणि रडूही येत होतं. त्याने डावा पंख उचलला.

बाकी सगळा पांगारा म्हातारा होता. पिसांचा रंग उडाला होता, चोचीला चिरा गेल्या होत्या. पण पंखाखालची ती जागा गुलाबी आणि उघडी होती, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगासारखी. तिचं वय वाढलंच नव्हतं.

शेवरीने ते पाहिलं आणि पिल्लाला आपल्या पंखाखाली ओढून घेतलं. “हा कुठेही येणार नाही,” ती धनेशाला म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या फांदीवर एका राघूने डावा पंख उचलला. त्याच्या मागच्यानेही उचलला. मग वरच्या फांदीवरच्या दोघा म्हाताऱ्यांनी.

सभा आवरायला म्हणून हिवराने कायदा म्हणायला चोच उघडली. पण त्याच्या कंठातून आवाजच फुटेना. जन्मभर अंगाशी घट्ट मिटलेला त्याचा डावा पंख थरथरू लागला, आणि हळूहळू, जणू आपोआपच, वर उचलला जाऊ लागला.