ओला गिलावा

फार पूर्वीची गोष्ट आहे. ती कोणत्या राज्यातली, हे विचारू नका. असले विद्यार्थी प्रत्येक राज्यात निपजतात.

त्या राज्यात भित्तिचित्रांचे एक विद्यापीठ होते. सकाळी शास्त्राचे पाठ आणि दुपारी भिंतीवरचे काम, असा तेथील क्रम असे. वर्षारंभी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरी भिंत मिळे आणि वर्षाअखेर तिची परीक्षा होई. आचार्य भिंतीवर घागरभर पाणी ओतीत. रंग टिकला, तर विद्यार्थी उत्तीर्ण. वाहून गेला, तर पुन्हा वर्षभर तीच भिंत.

नियम एकच होता. आज जेवढे रंगवून होईल, तेवढ्याच जागेवर चुन्याचा गिलावा लावावा. गिलावा ओला असतो तोवरच रंग पिऊन घेतो. वाळल्यावर रंग नुसता वर बसून राहतो.

तेथे एक अतिशय हुशार तरुण शिकत होता. त्याचे वडील जुने चित्रकार. त्यांची दृष्टी झपाट्याने मंदावत चालली होती. मुलगा निघाला, तेव्हा ते म्हणाले होते, "पुढल्या वर्षी मला उजेड आणि अंधार एवढेच कळेल, असे वैद्य म्हणतात. या वर्षीची तुझी भिंत तेवढी दिसू दे रे, बाळ."

"बाबा, मोर काढीन. तुम्ही बघतच राहाल," असे मुलाने वचन दिले.

वचन द्यायला काय लागते? पुढले कित्येक महिने या गृहस्थाने काळजी करण्यात घालवले. होय, काळजी करण्यात! आळशी असता, तर निदान सुखाने झोपला तरी असता. पाठाला बसला, की याला भिंतीची चिंता. भिंतीपुढे उभा राहिला, की पाठाची चिंता. भेटेल त्याला मात्र सांगे, "मला मरायलाही फुरसत नाही!"

शेजारच्या भिंतीवर एक मुलगी काम करीत असे. ती रोज सुपाएवढा गिलावा लावी, तेवढाच रंगवी, हात धुई आणि नदीवर पोहायला जाई.

"निघाली राणीसरकारांची स्वारी!" तो टोमणा मारी. "एक कमळ काढले, की संपला वाटते दिवस?"

"आजचे काम संपले. देठ उद्या," ती म्हणे. "तुझा मोर कुठे अडला आहे? पावसाची वाट पाहतोय का?"

"मी एकदा बसलो ना, की बघच!"

"बसशील तेव्हा बघू. गिलावा कोणासाठी थांबत नाही हो, महाराज."

इतर विद्यार्थ्यांना तिचे पोहणे म्हणजे आळस वाटे आणि याचे तांबारलेले डोळे म्हणजे तपश्चर्या! या मूर्खपणाला काय म्हणावे?

परीक्षा तोंडावर आली, तेव्हा त्याने एका सकाळीच सगळ्या भिंतीला गिलावा थापला. दुपारपर्यंत तो वाळून पांढरा पडला. त्याने बोट टेकवून पाहिले. बोट कोरडे निघाले. काय झाले ते त्याला समजले; नियम त्याला पाठ होता. तरीही "रंग दिसतो आहे, मग झाले," असे म्हणून त्याने अन्न आणि झोप सोडून मोर पुरा केला. मोर देखणा झाला. सारे म्हणाले, "केवढे हे कष्ट!"

परीक्षेच्या दिवशी वडील आले. पाणी पडेपर्यंत भिंतीजवळ जाण्यास मनाई होती. दोरीबाहेरून त्यांना निळा ढग तेवढा दिसला.

"निळा आहे ना?" ते आनंदाने म्हणाले. "पाणी होऊन जाऊ दे. मग जवळून पाहतो."

आचार्यांनी आधी मुलीच्या भिंतीवर घागर ओतली. कमळे अधिकच उजळली. मग मोरावर पाणी पडले आणि सगळा पिसारा निळ्या ओहोळाने खाली येऊन वडिलांच्या पायांशी थांबला.

"आचार्य, मी जेवलो नाही, झोपलो नाही!" तरुण ओरडला. "माझे डोळे तरी पाहा!"

आचार्य संतापले. "डोळे? या वृद्धासमोर तू डोळ्यांची गोष्ट करतोस? मी तुझ्याकडे उपास मागितला होता, की जागरण? रोज सुपाएवढी भिंत मागितली होती. ती तू दिली नाहीस आणि आता हाल सोसल्याचा तोरा मिरवतोस! स्वतःला छळणे म्हणजे अभ्यास नव्हे." मग ते इतरांकडे वळले. "आणि तुम्ही याला तपस्वी म्हणत होता! लाज वाटू द्या."

वडील वाकले. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवले. "रंग चांगला घोटला होतास," एवढेच बोलून ते घरी गेले.

पुढल्या वर्षी त्या तरुणाने रोज सुपाएवढाच गिलावा लावला, तेवढाच रंगवला आणि काम होताच तोही नदीवर गेला. परीक्षेत मोराचे एक पीसही ओघळले नाही. वडिलांना हात धरून भिंतीपाशी आणावे लागले. त्यांनी गुळगुळीत भिंतीवरून तळवा फिरवला आणि विचारले, "पिसारा कुठून सुरू होतो, बाळ?"

मुलाने त्यांचा हात तेथे नेऊन ठेवला.

तात्पर्य : दिवसाला पेलेल एवढाच अभ्यास रोज घ्यावा, तो त्याच दिवशी पुरा करावा आणि निश्चिंत झोपावे, साठवून ठेवलेला अभ्यास कितीही जागरणे केली तरी अंगी मुरत नाही.