डावीकडचा आवाज

"पण आवाज गेला, म्हणजे चांगलंच झालं ना, सर?"

तात्या केसपेपर वाचत राहिले...

गोदाकाठच्या राममठाचा हा दवाखाना. डॉ. वामन सोनटक्के, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचे तात्या, छत्तीस वर्षं तिथं बसतात. प्रश्न विचारणारी डॉ. ऋजुता पेठकर सुवर्णपदक घेऊन दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखाली आली होती. शिकायला आली होती खरी, पण इथं शिकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, असं तिला आताशा वाटायला लागलं होतं.

तिचा कान फार तयार होता. छातीतली बारीकशी कुरकुर ती क्षणात पकडायची. तात्या मात्र एकेका म्हातारीशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलत बसायचे. लेकीचं बाळंतपण, म्हशीचं दुखणं, सगळं ऐकून घ्यायचे आणि मग नाडीला हात लावायचे. ऋजुताला मनातून हसू यायचं.

आज समोरच्या स्टुलावर कृष्णाबाई निंबेकर बसल्या होत्या. वय अडुसष्ट. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून आल्या होत्या. दरवर्षी त्यांचं चातुर्मासाचं मौन असे. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यामुळे सगळं बोलणं सून सुलभाच करत होती.

मौन आहे हे कळल्यावर ऋजुता हसत म्हणाली होती, की असे पेशंट मिळाले तर बाराच्या आत शंभर तपासून होतील. सुलभा हसली. कृष्णाबाईही पदराआड हसल्या.

मग ऋजुताने त्यांना श्वास रोखून धरायला सांगून मानेवर स्टेथोस्कोप ठेवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे.

उजवीकडे आवाज होता. प्रत्येक ठोक्याबरोबर मोठा, खरखरीत असा शूऽऽ, शूऽऽ. डावीकडे काहीच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या केसपेपरावर तात्यांच्या अक्षरात नेमकं उलटं लिहिलेलं होतं. डावीकडे आवाज, मध्यम. उजवीकडे नाही. खाली एक ओळ होती : शहरात जाऊन सोनोग्राफी करावी. ती झाली नव्हती. आधी नातवाची मुंज निघाली, मग सुगी आली, मग ते राहूनच गेलं.

ऋजुताने तिथल्या तिथं अर्थ लावला आणि सुलभाला समजावून सांगितला. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. वाहिनी मोकळी असली की रक्त गुपचूप वाहतं. आतून ती अरुंद झाली की ओढ्यात दगड पडल्यासारखं खळखळतं. डावीकडची खळखळ गोळ्यांनी गेली. आता उजवीकडे सुरू झालीय, पण त्रास काही नाही. दिवाळी झाली की सोनोग्राफी करून घेऊ.

सुलभाचा चेहरा उजळला. मारुतीपुढे साखर ठेवते, म्हणाली.

आणि मग तो प्रश्न. आवाज गेला, म्हणजे चांगलंच ना?

तात्या उठले. कृष्णाबाईंच्या मानेच्या डाव्या बाजूला त्यांनी स्टेथोस्कोप अगदी हलका टेकवला. जोरात दाबला तर चांगल्या वाहिनीतूनही आवाज निघतो, हे त्यांनी ऋजुताला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कृष्णाबाईंनी श्वास धरला. त्यांच्याबरोबर तात्यांनीही धरला...

दोघांनी एकदमच सोडला.

"तू काय ऐकलंस?"

"काही नाही, सर."

"मीही काही नाही ऐकलं." ते परत खुर्चीत बसले. "वाहिनीतला आवाज केव्हा केव्हा जातो?"

हा प्रश्न तिला अगदीच सोपा वाटला. वाहिनी मोकळी झाली तर जातो. आणि पार बुजत आली, तरीही जातो. बांधच पडला तर ओढा खळखळेल कुठून? हे सगळं पुस्तकात आहे, ती म्हणाली. आवाजात किंचित धार होतीच. पण त्यात पेशंटला काहीतरी झालेलं असतं, सर. हातातलं बळ जातं, जीभ अडखळते. यांना काही झालेलंच नाही.

"असं कोण म्हणालं?"

"सूनबाई."

"आणि या?"

"यांचं तर मौन आहे."

तात्यांनी खुर्ची उचलली, कृष्णाबाईंच्या समोर आणून ठेवली आणि बसले. हात बधिर झाला होता का? कृष्णाबाईंनी मान हलवली. नाही. डोळ्यांपुढे अंधारी? नाही. चक्कर? नाही. तोंड वाकडं झालं, पाणी ओघळलं? नाही, नाही.

ऋजुताने घड्याळाकडे पाहिलं. बाहेरच्या बाकांवर चाळीस माणसं खोळंबली होती.

तात्यांचे प्रश्न संपले, पण ते उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. कृष्णाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. भिंतीवर पाल चुकचुकली. बाहेर कुणीतरी खोकलं...

बऱ्याच वेळाने कृष्णाबाईंनी कापडी पिशवीत हात घातला आणि एक वही काढली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. लिखित जपाची वही होती ती. रोज दोन पानं रामनाम, ओळीखाली ओळ. ती त्या कुणाला दाखवत नसत. पानं उलटत त्या एका जागी थांबल्या. बोटाने खूण केली आणि मान खाली घालून स्वतःचे दोन्ही कान धरले.

सुलभा ओशाळली. "ते काही नाही, तात्या. त्या दिवशी जप लिहिताना आत्याबाईंना डुलकी लागली असंल. नाव बिघडलं म्हणून दुसऱ्या दिवशी निरंकार उपास धरला त्यांनी. मी किती सांगितलं, की राम काही रागावत नाही."

तात्यांनी वही वाचली नाही. तशीच ऋजुताकडे दिली.

पानाचा वरचा अर्धा भाग सुरेख होता. मोत्याचे दाणे ओवल्यासारखी अक्षरं, श्रीराम जय राम जय जय राम. मग एका ओळीत श्रीराममधला रा गळला. पुढच्या ओळीत नुसतंच जय जय जय जय, पानाच्या कडेपर्यंत. त्याखाली 'मरा' आणि 'यज' अशी काहीतरी उलटसुलट अक्षरं, त्यांना ना काना ना मात्रा. ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. एक नुसताच ओरखडा. मग मोकळी जागा... आणि त्याखाली पुन्हा मोत्याचे दाणे, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

बिघडलेल्या ओळींवर नंतर कुणीतरी काट मारली होती. काट अगदी सरळ होती.

ऋजुता ते पान बघत उभी राहिली. पेंगलेल्या माणसाचं अक्षर वाकडं होतं, पण नाव मोडत नाही. इथं नावच मोडलं होतं. लिहिणारा हात उजवा. उजव्या हाताचा आणि भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे. आणि डाव्या बाजूला रक्त नेणारी वाहिनी...

तिने पानावरची तारीख वाचली. चार दिवसांपूर्वीची होती.

"असं किती वेळ झालं, काकू?" ती खाली वाकून विचारत होती. सकाळपासून तिने थेट त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

कृष्णाबाईंनी पेन्सिल घेतली आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. अर्धा तास. मग जरा थांबून त्याखाली लिहिलं : नाव आठवत होतं. हाताला सांगता येत नव्हतं.

तात्यांनी टेलिफोन ओढून घेतला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. दोन मिनिटांत बोलणं झालं. मठाची जीप मागवली. सुलभाला त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. डावी वाहिनी बुजत आली असावी आणि उजवी ओरडतेय ती बहुधा दोघींचा भार ओढताना. आलेला झटका अर्ध्या तासात ओसरला, पुढचा ओसरेलच असं नाही. हात जाईल, वाचा जाईल. पण दोऱ्याएवढी वाट जरी शिल्लक असली, तर ती उघडता येते. तेवढी असेल, असं धरून आज निघायचं. आत्ता.

सुलभाने डोळ्याला पदर लावला, मग सोडला आणि सासूची चप्पल सरळ करून त्यांच्या पायापुढे ठेवली.

जीप पिंपळाखाली येऊन उभी राहिली. कृष्णाबाईंना मागे आडवं निजवलं. शेजारी ऋजुता बसणार होती. दीड तासाचा रस्ता.

इथं सगळं अडलं.

वाटेत पुन्हा झटका आला तर तो कळणार कसा? वाचा गेली, हे समजायला बोलणं तर चालू हवं. ऋजुता म्हणाली, काकू, आता मौन सोडा. कृष्णाबाईंनी मान हलवली आणि झाडाच्या फटीतून दिसणाऱ्या सूर्याकडे बोट दाखवलं. सुलभाने पाया पडून सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मान पुन्हा तशीच हलली. तेव्हा ऋजुता जरा रागानेच म्हणाली, की जीव राहिला तर व्रतं पुष्कळ होतील. कृष्णाबाईंनी डोळेच मिटून घेतले.

नाव आधीच एकदा बिघडलं होतं. आता मौनही मोडायचं म्हणजे त्या माउलीकडे उरत काय होतं?

तात्या जीपच्या मागच्या फळीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"कृष्णाबाई, मौन मोडू नका," ते म्हणाले. "ते मला द्या. दिवेलागणीपर्यंत मी पाळतो. तुम्ही नाव घ्या, मोठ्याने."

कृष्णाबाईंनी डोळे उघडले.

त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. थट्टा करतायत की काय, हे त्या चेहऱ्यावर शोधत होत्या. चेहरा रोजच्यासारखाच होता, थोडा थकलेला. त्यांनी सुलभाकडे हात केला. सुलभाला कळलं. तिने पाण्याच्या बाटलीचं टोपण काढून बाटली सासूच्या हातात दिली. दान द्यायचं तर त्यावर उदक सोडावं लागतं, ही रीत दोघींना ठाऊक होती.

तात्यांनी ओंजळ पुढे केली. मग आठवण झाल्यासारखे ते ऋजुताकडे वळले.

"नाव चालू आहे तोवर काळजी नको. अडखळलं, तर गाडी थांबवू नका. तसंच पुढे जा आणि रुग्णालयात फोन करून सांगा."

"हो, सर." तिने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून बॅगेत टाकला.

कृष्णाबाईंनी बाटली कलती केली. पाणी बाटलीच्या तोंडाशी आलं होतं. ओठ हलायला लागले होते, आवाज अजून फुटायचा होता.

ऋजुताने मागे वळून दवाखान्याच्या ओसरीकडे पाहिलं. बाकं भरलेली होती. काही माणसं उठून उभी राहिली होती, काय चाललंय ते बघत.

"सर, पण चाळीस पेशंट बसलेत," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत एक शब्द न बोलता तुम्ही त्यांना तपासणार कसं?"

तात्यांनी ओंजळ पाण्याखाली धरली.

"बोलायचं त्यांना असतं."