कोणतंही एक पान घ्या

"ते सगळं खरं, मास्तर. पण याहून जबरदस्त प्रयोग कुठला, तेवढं सांगा."

इलाही मास्तर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. चाळीस वर्षं जत्राजत्रांतून पत्त्यांची जादू दाखवून आता ते विट्याला लेकीकडे राहायला आले होते. जावयाला पेरणीसाठी दाणे हवे होते, म्हणून सकाळपासून हाच उद्योग चालला होता.

समोर हेरंब उपळेकर. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. मांडीवर पत्त्यांच्या जादूचं जाड पुस्तक, जागोजागी कागदाच्या खुणा घातलेलं. त्यातले ऐंशीच्या ऐंशी प्रयोग आपल्याला येतात, हे त्याचं तीनदा सांगून झालं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून आल्या आल्या दोन करूनही दाखवले होते.

"दावायचाय कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"अण्णांना. माझ्या वडिलांना."

मास्तरांचे हात थांबले.

"डेपोतलं उपळेकर? कंट्रोलर?"

"तेच."

"साठ गाड्या हलायच्या त्यांच्या शब्दावर. माजा तंबू एकदा टपावर चढवून दिलता त्यांनी, आटपाडीच्या गाडीवर. कंडक्टर नगं म्हणत हुता... कसं हाईत?"

हेरंब पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिला. मघाची ऐट कुठल्या कुठे गेली होती.

"आठ महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली. जीभ आता ठीक आहे म्हणतात डॉक्टर. बोलता येतं त्यांना. पण बोलत नाहीत. एक शब्द नाही, मास्तर. आठ महिने..."

मास्तरांनी सूप बाजूला सारलं.

"पत्त्यांचा त्यांना फार नाद. ड्यूटी संपली की रमीचा डाव ठरलेला. म्हटलं, निदान यानं तरी तोंड उघडतील. म्हणून हे पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी एक प्रयोग दाखवतो. एकही चुकत नाही. ते खिडकीबाहेर बघतात."

"मला दावा."

हेरंबनं कॅट पिसला. हात खरोखरच चांगला होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पत्त्यांचा पंखा असा सुरेख उघडला की ओसरीवरून आत निघालेली मास्तरांची लेकही जरा थबकली, मग आत गेली.

"कोणतंही एक पान घ्या."

मास्तरांनी उजवा हात मांडीखाली सारला. डावा पुढे केला, पण तो त्यांचा नसल्यासारखा. बोटं हवेत थरथरली. एका पानाकडे निघाली... थांबली... दुसऱ्याकडे वळली...

हेरंबनं पंखा किंचित सरकवला. एक पान अलगद मास्तरांच्या बोटांत आलं. बोटं नीट मिटेनात, तेव्हा हेरंबनं आपल्या हातानं ती मिटवलीसुद्धा.

"बघा आणि लक्षात ठेवा."

मास्तरांनी पान न बघताच खाली ठेवलं.

"चौकटची नव्वी."

"तुम्ही उलटलंच नाही."

"कशाला उलटू? तुमी तीच देणार हुता. पिसताना येवढी एकच जपत हुता."

हेरंब हसला. आपली चोरी पकडली गेली याचं त्याला वाईट वाटलं नाही. पकडणारा जाणकार होता.

"पुस्तकात हेच पहिलं शिकवलंय, मास्तर. समोरच्याला वाटलं पाहिजे की आपण निवडलं. प्रत्यक्षात त्यानं घ्यायचं ते आपण ठरवलेलंच. सगळ्या विद्येचं मूळ हेच."

"बराबर हाय. मी बी ह्याच्यावरच पोट भरलं."

"मग माझं चुकतं कुठं?"

मास्तरांनी पुन्हा शेंगा पुढे ओढल्या.

"अण्णास्नी पान घ्यायला किती येळ लागतो?"

"फार. डावा हातही पटकन उचलत नाहीत. शेवटी मीच बोटांत धरवतो. नाहीतर प्रयोगाची लय मोडते."

"सकाळी काय खात्यात?"

"पेज. कधी मऊ भात. आई ठरवते."

"अंगात शर्ट कुठला घालायचा?"

"मी काढून देतो."

"खाट खिडकीपाशी कुणी लावली?"

"आम्हीच. उजेड बरा येतो म्हणून..."

"आणि टीव्हीवर काय बघायचं?"

हेरंबनं पुस्तकातली एक खूण काढून पुन्हा घातली.

"आम्ही त्यांचं सगळं करतो, मास्तर," तो म्हणाला. "त्यांना काही म्हणून कमी पडू देत नाही."

खोटं नव्हतं ते. पुण्याच्या मोठ्या कॉलेजातली नोकरी त्यानं वडिलांसाठीच नाकारली होती. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं मात्र ते सांगितलं नाही.

"न्हाई पडू देत," मास्तर म्हणाले. "दिसतंय की. असा ल्योक कुणाला मिळतोय."

टोमणा नव्हता. मास्तरांच्या आवाजात माया होती, आणि हेरंबला त्यानंच जास्त लागलं.

मास्तरांनी धोतराला हात पुसले. कॅट घेतला. पिसला, पण त्यात कसलीच कला नव्हती, घरात बायका-पोरं बदामसातला पिसतात तसाच. मग सगळी पानं पालथी करून ओसरीवर टरफलांमधेच पसरली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ह्ये असं त्यांच्यापुढं मांडा. आन् हात मागं घ्या."

"मग?"

"मग बसा."

"किती वेळ?"

"कालिजाला सुट्टी हाय न्हवं?"

हेरंब पसरलेल्या पानांकडे बघत राहिला. हात पुढे करून ती सारखी करावीत असं त्याला वाटत होतं. त्यानं हात आवरला.

"आणि त्यांनी पान घेतलंच नाही तर?"

"तर न्हाई. त्यांची मर्जी."

"घेतलं तर?"

"तर घेतलं."

आता मात्र गणिताच्या माणसाला राहवेना. त्यानं पुस्तक चाळलं. एक खूण उघडली, दुसरी उघडली, मिटली.

"पण मास्तर, यात जपलेलं पान नाही. कुठं खूण नाही. वरचं कुठलं, खालचं कुठलं, तेही माहीत नाही. ऐंशीतल्या एकाही प्रयोगात हे बसत नाही. त्यांनी कुठलं पान उचललं, ते मला कळणार कसं?"

मास्तरांनी एक शेंग उचलली. फोडली. दाणे नीट निवडून सुपात टाकले.

"त्यास्नी इचारा."