दहा पालथे पत्ते

शिमगा चार दिवसांवर आला, तरी कुसगाळ गावचा ढोल इनामदारांच्या ओसरीवरच पडून होता. गावचा कारभार पाहणाऱ्या गावकर धाकू राण्यानेच तो पत्त्यांत घालवला होता. इनामदारांच्या खेळात पत्ते वाटायचे इनामदारांनी, आणि बरोबरी झाली तर डावही त्यांचाच. वीस वर्षांत त्यांना कुणी हरवलं नव्हतं.

गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारी सगुणा चितारीण धाकूला घेऊन ओसरीवर आली.

"सरकार, एक डाव ढोलासाठी."

"हरलीस तर जन्मभर माझे पत्ते फुकट रंगवशील?"

"रंगवीन. वाटा तुम्हीच, बरोबरीही तुमचीच."

इनामदारांनी हसत हसत पत्ते पिसले आणि पाच तिच्यापुढे, पाच आपल्यापुढे पालथे टाकले. बोटं कशी फिरली, कुणालाच कळलं नाही.

सगुणाने पत्त्यांना हातही लावला नाही. "सरकार, माझे पाच तुम्ही घ्या, तुमचे मला द्या."

"हे कसलं खूळ?" इनामदारांचा पंजा आपल्या पत्त्यांवर घट्ट बसला.

"दहाही पालथे आहेत. पाठी मीच रंगवल्यात, सगळ्या सारख्या. चांगले कुठले ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. मग अदलाबदलीनं तुमचं काय बिघडतं?"

ओसरीवर जमलेल्यांच्या नजरा त्या पंजावर खिळल्या. पंजा उचलला तर डाव जाणार, न उचलला तर अब्रू.

"ढोल न्या," इनामदार पुटपुटले.

धाकूने ढोल खांद्याला लावला, पण त्याची नजर सगुणावरून हलेना. वीस वर्षं सारा मुलूख इनामदारांच्या बोटांकडे टक लावून बसला होता. या बाईने तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.