चार मात्रांची रिकामी जागा

"चुकतात तर चुकू देत, मास्तर. पण सगळे एकाच सुरावर कसे चुकतात?"

प्रफुल्ल हिवाळेनं उभ्या उभ्याच विचारलं. तक्रार करायला आला होता, पण चेहरा घाबरलेला होता.

रणभिसे मास्तर खुर्चीतून हलले नाहीत. मिरजेतल्या त्या लहानशा चर्चची गायकमंडळी त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली. आता हात थरथरतात म्हणून ती प्रफुल्लकडे सोपवली. तरी मास्तरांनी मान डोलावल्याशिवाय रविवारी कुठलंही गाणं उभं राहत नसे.

प्रफुल्ल पुण्याहून संगीत शिकून आलेला. हे तो दिवसातून दोनदा तरी सांगायचा.

होडीचं ते जुनं गाणं त्यानं चार आवाजांत बसवलं होतं. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. पूर्वी हे गाणं त्याची आई, सगुणाबाई, एकटी गायची. येत्या रविवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं, आणि तिच्या आठवणीसाठी ते गायचं ठरलं होतं.

मूळ गाण्यात दोन ओळींच्या मध्ये चार मात्रा पेटी वाजायची. तिथं प्रफुल्लनं पुरुषांची गुणगुण भरली होती. मास्तरांनी ती खोडायला लावली.

"जागा पेटीची होती. पेटी नाही, तर रिकामी ठेव," एवढंच ते म्हणाले होते.

तेव्हापासून हे सुरू झालं.

"पेटी नसली की मंडळी सुरातून उतरायचीच," मास्तर म्हणाले.

"उतरतात, पण एकेक करून. दमल्यासारखी. हे बावीसजण एकदम उतरतात. पहिली रिकामी जागा संपली की अर्धा सूर खाली. मग शेवटपर्यंत तिथंच, केसभर हलत नाहीत."

"सुरुवात कुठून करतोस?"

"पेटीची काळी चार पट्टी."

"आणि उतरतात कुठं?"

"पांढरी पाच."

मास्तर आता खुर्चीत पुढं झुकले.

"सगुणा कुठून गायची?"

प्रफुल्लनं खिडकीबाहेर बघितलं. "पांढरी पाच."

"मग तू काळी चार का धरलीस?"

"बायकांचा आवाज जरा उजळ लागतो, म्हणून..."

"खरं सांग."

प्रफुल्ल आता कुठं खाली बसला. "पांढरी पाच लावली की आईच ऐकू येते. मला सोसत नाही, मास्तर. गप्प बसलं तरी ऐकू येते. म्हणून तर गुणगुण भरली होती."

मास्तर काठी टेकत उठले. "चल."

चर्चमध्ये दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. मंडळी ताटकळली होती. मास्तर त्यांना म्हणाले, "पहिली ओळ संपली की कान घट्ट झाका. डोळे प्रफुल्लच्या हातावर ठेवा. त्यानं खूण केली की हात काढा आणि दुसरी ओळ उचला."

दोघी-तिघी हसल्या. मास्तर हसले नाहीत, तशा त्याही गप्प झाल्या.

प्रफुल्लनं काळी चारचा सूर दिला. पहिली ओळ झाली. बावीस जणांनी कान झाकले.

प्रफुल्लचे दोन्ही हात मात्रा मोजण्यात गुंतले होते. त्याला कान झाकता येईनात.

एक... दोन...

तिसऱ्या मात्रेला त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं नुसते रिकामे बाक होते.

चौथ्या मात्रेला त्यानं कशीबशी खूण केली. मंडळींनी दुसरी ओळ उचलली. सूर स्वच्छ होता, काळी चार, एकही जण ढळला नाही.

प्रफुल्ल मात्र सवयीनं त्यांच्याबरोबर गात होता. सगळ्यांत त्याचा एकट्याचा आवाज अर्धा सूर खाली होता.

गाणं आपोआप थांबलं.

प्रफुल्लच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. पुण्याचं नाव त्यानं त्या दिवसानंतर काढलं नाही.

"मास्तर..." तो शेवटी म्हणाला, "रविवारी मंडळींना सूर कोणता देऊ?"

मास्तर मागच्या बाकांकडे बघत होते.

"तू देऊ नकोस," ते म्हणाले. "मागून येईल तो घे."